चार कपाटांतला एक लेखक : रत्नाकर मतकरींचं प्रकरण

आमच्या वाचनालयात रत्नाकर मतकरी चार ठिकाणी सापडतात. गूढ-रहस्याचं कपाट दाराजवळच आहे, कारण मागणी तिथेच जास्त. त्यात 'खेकडा' आहे, मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेलं. मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते. ती भरली की तिच्यावरच दुसरी डकवतात. या प्रतीवर अशा चिठ्ठ्यांचा इतका थर झालाय की पुस्तक मागच्या बाजूने फुगलंय. नाटकांचं कपाट आतल्या खोलीत आहे. एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की कॉलेजची मुलं तिथे जमिनीवर बसून पुस्तकं चाळतात. मुलांची पुस्तकं खिडकीखालच्या बुटक्या फळीवर. आणि ललित लेख, कादंबऱ्या वगैरे पार मागे, भिंतीला.

मागच्या मे महिन्यात एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने 'निम्मा शिम्मा राक्षस' उचललं. आई ग्रंथपाल काकांना म्हणाली, "काका, मला रात्री जरा घाबरवेल असं काहीतरी द्या." काकांनी 'मध्यरात्रीचे पडघम' काढून दिलं. दोन्ही पुस्तकं नोंदीसाठी टेबलावर शेजारी शेजारी आली, तेव्हा तिने नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तेच का हो?"

मी बाजूलाच उभी होते. इतकी वर्षं कथालेखनाच्या कार्यशाळांत मी ज्या प्रश्नाभोवती फिरतेय, तो या बाईने सहज विचारला होता. कार्यशाळेत दर खेपेला कोणीतरी विचारतंच: ताई, मी एकच प्रकार धरू का? भयकथा जमतायत तर तेवढ्याच लिहू? प्रेमकथा पाठवली तर वाचक गोंधळतील का? हे विचारणाऱ्याला आधीच कोणीतरी सांगितलेलं असतं की एक काहीतरी धर, त्यात नाव कर, मग बाकीचं बघू. मलाही एका प्रकाशकाने हेच ऐकवलं होतं. "तुमचं नाव कशाशी जोडायचं ते तुम्ही आधी ठरवा," असं म्हणत त्याने माझं बाड परत केलं होतं. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर वर्षानुवर्षं मतकरी वाचताना ते थोडं थोडं सापडत गेलं. म्हणून हे एक प्रकरण नीट उलगडून पाहायचं ठरवलं.

पगार, आकाशवाणी आणि राक्षस

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८चा, मुंबईतला. १९५५मध्ये 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. म्हणजे लेखक अजून कॉलेजच्या वयातला. अर्थशास्त्र घेऊन पदवी झाली आणि ते बँक ऑफ इंडियात नोकरीला लागले. १९७८पर्यंत, जवळजवळ वीस वर्षं, ते बँकेत होते.

ही वीस वर्षं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

१९५९मध्ये सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मुलांसाठी खरंखुरं नाटक, खऱ्या नेपथ्यासह आणि प्रकाशयोजनेसह, मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीने करायचं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. गॅदरिंगमधल्या हौशी नाटुकल्यांच्या पलीकडे मुलांच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं. पुढे १९६२मध्ये मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली आणि ती तीन दशकं चालवली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'अचाट गावची अफाट मावशी', 'सरदार फाकडोजी वाकडे'. नावं नुसती मोठ्याने वाचली तरी जिभेला खेळ होतो. अशी वीसहून अधिक बालनाट्यं त्यांनी लिहिली. पुढे मोठ्यांच्या नाटकांसाठी 'सूत्रधार' ही दुसरी संस्था काढली.

मी आठ-नऊ वर्षांची असताना दादरच्या शिवाजी मंदिरात त्यांचं एक बालनाट्य पाहिलं. कथेतलं आज फार थोडं आठवतं. आठवतो तो आवाज. नायकाच्या मागून कोणीतरी दबकत येतंय, त्याला दिसत नाहीये, आणि अख्खं थिएटर ओरडतंय, "मागे बघ, मागे!" माझ्या शेजारचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला होता. त्याची आई त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढत होती आणि ओढता ओढता स्वतःही रंगमंचाकडेच बघत होती.

आता लेखकाच्या नजरेने तो क्षण बघते तेव्हा कळतं की त्यात गूढकथेची पुरी बांधणी आहे. प्रेक्षकाला माहीत आहे, पात्राला माहीत नाही. धोका जवळ येतोय आणि आपण काही करू शकत नाही. हीच गोष्ट मोठ्यांना सांगायची झाली की फरक एवढाच पडतो, की वाचकाला ओरडता येत नाही. तो रात्री एकटा अंथरुणात पुस्तक धरून असतो.

मुलांसमोर लिहिणाऱ्याला आणखी एक शिस्त लागते. मोठा माणूस कंटाळला तरी भिडेखातर बसून राहतो. मूल थांबत नाही. ते "आई, पाणी" म्हणतं, मागे वळून दुसऱ्या मुलाशी बोलायला लागतं, आणि नाटककाराला प्रयोग चालू असतानाच समजतं की तिसऱ्या प्रवेशात हवा गेली. एवढी बालनाट्यं लिहून आणि बसवून मतकरींच्या हाताला जे वळण लागलं, ते त्यांच्या गूढकथांत पहिल्या परिच्छेदापासून दिसतं. वर्णनात वेळ जात नाही. घर आहे, नवरा-बायको आहेत, कोणीतरी नवीन शेजारी आलेलं आहे, किंवा घरात एक मूल आहे जे जरा वेगळं वागतंय. दुसऱ्या पानावर कुठेतरी एक बारीकशी फट पडते. वाचणारा तिच्यातून आत जातो आणि मागचं दार कधी लागलं ते त्याला समजत नाही.

नारायण धारपांशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. धारप (१९२५ ते २००८) हे भयकथेतलं मोठं नाव, आणि ते त्या वाटेवर ठाम राहिले. त्यांच्याकडे संकट बहुधा बाहेरून येतं, कुठल्यातरी अमानवी शक्तीचं, आणि त्याला तोंड द्यायला 'समर्थां'सारखं पात्र पुन्हा पुन्हा परतून येतं. वाचकाला त्याचा आधार वाटतो. पुढचं पुस्तक घेताना तो ओळखीच्या माणसाकडे चाललेला असतो. मतकरींच्या गूढकथेत असा ओळखीचा तारणहार नाही. भीती घरातून, पुष्कळदा माणसाच्या आतूनच निघते, आणि सोडवायला कोणी येत नाही. मला दोघंही हवेत. पण एका वाटेवर राहणाऱ्याला वाचकाशी जो कायमचा करार करता येतो, तो मतकरींना करता आला नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

१९७४ ते १९७८

या प्रकरणाचा गाभा मला या चार वर्षांत दिसतो. तोवर मतकरी दोन गोष्टींसाठी ओळखले जात होते: मुलांची नाटकं आणि अंगावर काटा आणणाऱ्या कथा. दोन्ही लोकप्रिय, आणि दोन्हींकडे 'गंभीर' साहित्याची मंडळी जरा लांबूनच पाहणारी. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? जे चाललंय ते चालू ठेवेल. घरी पगार येतोय, दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रं येतायत, मे महिन्यात थिएटर भरतंय.

मतकरींनी १९७४मध्ये 'आरण्यक' आणलं.

महाभारताच्या अठरा पर्वांपैकी पंधरावं आश्रमवासिक पर्व. युद्ध संपून पंधरा वर्षं झालीत. शंभर मुलं गमावलेला धृतराष्ट्र इतकी वर्षं युधिष्ठिराच्या घरी, ज्यांनी आपली मुलं मारली त्यांच्या अन्नावर राहिलाय. मग तो गांधारीसह अरण्यात निघतो. कुंतीही त्यांच्याबरोबर निघते. हिच्या मुलांनी राज्य जिंकलंय, तरी ही निघते! विदुरही तिथेच देह ठेवतो, आणि शेवटी वणव्यात उरलेले तिघंही जातात. सगळे म्हातारे, काही घडायचं म्हणावं तर ते आधीच घडून गेलेलं, उरलंय ते फक्त झालेल्याकडे वळून बघणं. बालनाट्य लिहिणाऱ्याला लागलेल्या सगळ्या सवयींच्या हे उलट आहे. पळापळ नाही, लपाछपी नाही, "मागे बघ" म्हणून ओरडायला कोणी उरलेलं नाही. या नाटकाला त्यांनी भाषाही वेगळी दिली, लयीतली, पद्याकडे झुकणारी, जी म्हाताऱ्या राजाच्या तोंडी शोभेल आणि तरी आजच्या माणसाला टोचेल.

आणि चार वर्षांनी, १९७८मध्ये, 'लोककथा ७८'.

इथे ती लय गेली, राजे गेले, अरण्य गेलं. गावातली गरीब, दलित माणसं शहरातल्या प्रेक्षकांसमोर येतात आणि आपल्यावर झालेल्या अत्याचाराची गोष्ट आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत, लोककलेच्या अंगाने करून दाखवतात. नाटकाच्या नावातच वर्ष आहे. लोककथा म्हटलं की आपण 'कोणे एके काळी' म्हणून सैलावतो. त्या शब्दापुढे ७८ हा आकडा ठेवला की तो 'एके काळ' आजचा होतो. शीर्षकात एवढं काम करून घेणारी मराठी नाटकं मला फार आठवत नाहीत.

आता ही दोन नाटकं शेजारी ठेवा. मध्ये चार वर्षं. एकात राजघराणं, दुसऱ्यात ज्यांच्या जमिनीचा आणि अब्रूचा निकाल पाटलाच्या वाड्यात लागतो ती माणसं. भाषा एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. अनोळखी वाचकाला दोन्हींचा लेखक एकच असं सांगितलं तर तो पुरावा मागेल. पण मी ही दोन्ही नाटकं पाठोपाठ वाचली तेव्हा मला त्यांच्यात एकच माणूस दिसला. अन्याय होऊन गेलाय, ज्यांनी तो होऊ दिला ते अजून जिवंत आहेत, आणि आता त्यांनी ऐकायचंय. 'आरण्यक'मध्ये ऐकणारा धृतराष्ट्र आहे. 'लोककथा ७८'मध्ये ऐकणारे आपण आहोत, तिकीट काढून आलेले.

म्हणून मला वाटतं, मतकरींनी प्रकार बदलले असं म्हणण्यात थोडी गफलत आहे. प्रकार बदलायचा म्हणून कोणी चार वर्षांत एवढं अंतर कापत नाही. त्यांच्या हातात जो मजकूर यायचा तो कोणाला सांगायचा आहे हे आधी ठरत असावं, आणि मग त्या माणसाला जी भाषा, जी बैठक, जेवढा वेळ लागेल तसा साचा घडत असावा. हा माझा तर्क आहे, पण नाटकांच्या मांडणीतूनच तो निघतो.

१९७८ हेच त्यांचं बँकेतलं शेवटचं वर्ष. पूर्णवेळ लेखक व्हायला निघालेला माणूस सुरक्षित प्रकार धरतो, असं आपण समजतो. यांनी त्याच वर्षी सगळ्यात अस्वस्थ करणारं नाटक दिलं.

याच काळातली एक आठवण जाता जाता. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत नारळीकर. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं. नव्या प्रांतात शिरताना टोपणनाव घ्यायची ही वाट तेव्हाही सर्वांना ठाऊक होती. मी ज्या पुस्तकांबद्दल आणि नाटकांबद्दल इथे लिहितेय, ती सगळी मात्र मतकरींनी एकाच नावावर ठेवली. राक्षसही त्याच नावाचा, धृतराष्ट्रही त्याच नावाचा.

एकच बीज, पुन्हा पेरलेलं

कार्यशाळेत मला सगळ्यात उपयोगी पडतं ते 'इन्व्हेस्टमेंट'चं उदाहरण. ही मूळ मतकरींची कथा. पुढे त्यांनी स्वतःच तिच्यावर चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि तेव्हा वयाची सत्तरी उलटलेली होती. साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

गोष्ट अशी: मुंबईतलं वर चढू पाहणारं तरुण कुटुंब. बारा वर्षांच्या मुलावर आईबापांनी सगळं लावलेलं, शाळा, महत्त्वाकांक्षा, पुढची स्वप्नं. त्या मुलाच्या हातून एका वर्गमैत्रिणीचा जीव जातो. आणि मग आईबाप त्याला वाचवायच्या मागे लागतात. घरात एक आजी आहे, तिला हे सहन होत नाही. सुलभा देशपांडेंनी ती आजी केली होती.

आता हा कुठला प्रकार म्हणायचा? खून आहे, पण तो कोणी केला हे लपवलेलं नाही, म्हणून ही रहस्यकथा नव्हे. भूत नाही. तरी चित्रपट बघताना जी भीती वाटते ती गूढकथेतलीच, ओळखीच्या दिवाणखान्यात, ओळखीच्या सोफ्यावर काहीतरी भयंकर बसलेलं आहे ही. मुलाच्या मनात शिरण्याची सवय बालनाट्यातली. समाजाला समोर बसवून जाब विचारायची धाटणी 'लोककथा ७८'ची. एखाद्याने एकाच प्रकारात पन्नास वर्षं घालवली असती तर ही तीन हत्यारं एका हातात आली असती का, हा प्रश्न मी मुलांसमोर ठेवते. शीर्षकातला शब्द तर थेट अर्थशास्त्रातला आणि बँकेतला. मुलाला 'गुंतवणूक' समजणाऱ्या आईबापांची गोष्ट सांगायला त्याहून नेमका शब्द मिळाला नसता.

'जौळ' कादंबरीचंही असंच. तिच्यावरून त्यांनी 'माझं काय चुकलं?' हे नाटक केलं. कादंबरीत माणसाच्या मनात राहायला सवड असते, नाटकात तीच माणसं एकमेकांसमोर उभी करावी लागतात आणि जे मनात होतं ते तोंडावर आणावं लागतं. आपलाच मजकूर असा दुसऱ्या साच्यात ओतला की कुठला भाग खरा मजबूत होता आणि कुठला नुसत्या सुंदर वाक्यांवर तरला होता, ते उघडं पडतं. मी हे स्वतः करून पाहिलंय. माझी एक कथा मी श्रुतिका म्हणून पुन्हा लिहिली तेव्हा तिच्यातली चार पानं सरळ गळून गेली आणि कोणाला काही कमी वाटलं नाही. ती चार पानं मला फार प्रिय होती.

किंमत

मतकरींना याची किंमत द्यावी लागली, असं माझं स्पष्ट मत आहे. मानसन्मान मिळाले, पण ते वाटले गेले. २००३मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तो रंगभूमीसाठी. मग चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार. २०१८मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. देशपातळीवरच्या या तीन मानांत त्यांचं गूढकथेचं दालन, ज्याच्यासाठी आमच्या वाचनालयातली फुगलेली प्रत साक्ष देते, ते कुठेच नाही. नाटकवाल्यांना वाटतं ते मुळात आमचे, कथावाचकांना वाटतं ते मुळात आमचे, आणि मराठी कथेचा इतिहास लिहायला बसलेल्याला ते नेमके कुठे बसवायचे समजत नाही. जो लेखक एका ओळीत सांगता येत नाही, त्याच्याबद्दल पुष्कळदा एक ओळही लिहिली जात नाही.

दुसरी किंमत लेखनातली. मला त्यांच्या सगळ्या गूढकथा सारख्या आवडत नाहीत. काही ठिकाणी शेवटच्या ओळीतल्या धक्क्यासाठी सगळी कथा राबते आणि धक्का ओसरला की हाती फार उरत नाही. 'जावई माझा भला' किंवा 'चार दिवस प्रेमाचे' ही व्यावसायिक नाटकं लोकांनी उचलून धरली आणि मीही हसत पाहिली, पण 'आरण्यक' लिहिणाऱ्याची ताकद मला त्यांत दिसत नाही. इतक्या दिशांनी लिहिणाऱ्याच्या हातून काही कमअस्सल निघणारच. एकाच प्रकाराची वर्षानुवर्षं मशागत करणाऱ्याला जी खोली मिळते, तिचा मोह मलाही होतो.

पण तराजू धरायचाच तर 'आरण्यक' आणि 'लोककथा ७८' या दोन पुस्तकांचं वजन मला बाकी सगळ्यावर भारी वाटतं. मुलांच्या नाटकाचा आणि गूढकथेचा लेखक म्हणून जगाने जी पाटी दिली होती ती गळ्यात अडकवून घेतली असती तर ही दोन्ही नाटकं लिहिलीच गेली नसती.

कशाच्या जोरावर

कार्यशाळेतली मुलं इथवर आली की त्यांचे डोळे चमकतात आणि मला भीती वाटायला लागते. मतकरींना जे जमलं ते नुसत्या हिमतीवर जमलं असं त्यांनी समजू नये. म्हणून मी पुन्हा त्या वीस वर्षांकडे वळते.

महिन्याच्या एक तारखेला पगार येत होता. बालनाट्यात पैसा सुटत नव्हता, प्रायोगिक नाटकात तर नाहीच. घर ज्याच्यावर चालतं ते लेखन नसलं, तर लेखनाला पडायची मुभा मिळते. नवा प्रकार पहिल्या फटक्यात जमत नाही, आणि ज्याचं दूध-वाणसामान पुढच्या कथेवर अवलंबून आहे तो न जमणारी गोष्ट लिहायला घेत नाही. घेऊ नयेच.

दुसरं, स्वतःची संस्था. निर्मात्याला पटवावं लागत नव्हतं की हे नाटक मागच्यासारखं का नाही. लेखक, दिग्दर्शक आणि संस्थाचालक एकच असल्यामुळे आणि नटमंडळी घरची असल्यामुळे धोका स्वतःच्या अंगावर घेता येत होता. 'अलबत्या गलबत्या'त चिंची चेटकीण झालेले दिलीप प्रभावळकर 'आरण्यक'मध्ये विदुर होतात, यातच सगळं आलं. लेखकाबरोबर नटही प्रकारांच्या भिंती ओलांडत होते.

आणि तिसरं, मराठी वाचकाची एक जुनी सवय. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे एकाच वेष्टनात कथा, कविता, विनोद, लेख, व्यंगचित्रं, पुढे भविष्यसुद्धा, हे सगळं एकत्र वाढलं जातं. फराळाच्या ताटासारखं. याला समांतर वेगळ्या चुलीही होत्या. अनंत अंतरकरांनी एकट्याने तीन मासिकं काढली: 'हंस' वाङ्मयीन, 'मोहिनी' विनोदी, 'नवल' अद्भुताचं आणि रहस्याचं. म्हणजे एकाच संपादकाला तीनही आवडींची कदर होती. असा संपादक समोर असला की लेखकालाही एकाच खोलीत कोंडून घ्यायची गरज वाटत नाही.

आज यातलं काय उरलंय ते ज्याचं त्याने तपासावं. माझ्या कार्यशाळेत एक चोवीस वर्षांचा मुलगा येतो, दिवसा सॉफ्टवेअरमधली नोकरी. भयकथा लिहितो, मोबाइलवर त्याला वाचकही बरे आहेत. त्याने आपल्या आजीवर कथा लिहिली होती. आजी गावी एकटी राहते आणि रोज रात्री दोन ताटं वाढते. त्याने त्यात मेलेले आजोबा आणले होते, पायऱ्यांवर पावलं वाजवली होती, सगळं साग्रसंगीत. मी त्याला एवढंच विचारलं, "हे तू कोणाला सांगतोयस?" तो म्हणाला, "माझ्या वाचकांना." मग जरा थांबून म्हणाला, "खरं तर बाबांना. ते तीन वर्षं गावी गेले नाहीत." तो आता तीच गोष्ट पावलं न वाजवता लिहितोय. कठीण जातंय त्याला. वाचक कमी होतील अशी धास्तीही आहे, आणि ती खोटी आहे असं मी त्याला सांगितलेलं नाही.

२०१८

मतकरी १७ मे २०२० रोजी करोनात गेले. त्याआधीच्या काळात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला होता. वस्त्यांतली मुलं-मुली आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका लिहीत, बसवत, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले मतकरी त्यांच्याबरोबर असत. बालनाट्य आणि 'लोककथा ७८' इथे एकाच मांडवात आले होते.

पण मला आठवतं ते २०१८ साल. त्या वर्षी 'अलबत्या गलबत्या' नव्या संचात रंगभूमीवर आलं, चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात, वैभव मांगले चेटकीण. आणि त्याच सुमारास 'आरण्यक'ही परत आलं, चव्वेचाळीस वर्षांनी, स्वतः मतकरींनी पुन्हा बसवलेलं. धृतराष्ट्राच्या भूमिकेत ऐंशीच्या घरातले रवी पटवर्धन, विदुराच्या भूमिकेत प्रभावळकर. मी भाचीला घेऊन 'अलबत्या' पाहिलं आणि पुढे 'आरण्यक'ला एकटी गेले.

'अलबत्या'ला भाची खुर्चीवर उभी राहून ओरडत होती आणि मी तिचा फ्रॉक धरला होता. 'आरण्यक'ला शेजारी एक आजोबा होते, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसलेले. रंगमंचावर धृतराष्ट्र बोलायला लागला तेव्हा त्यांनी श्रवणयंत्राचा आवाज वाढवला आणि थोडे पुढे वाकले. मध्यंतरात दिवे लागले तरी ते उठले नाहीत. मी विचारलं, "चहा आणू का आजोबा?" त्यांनी नुसती मान हलवली आणि हाताने खूण केली, थांब, अजून बाकी आहे.